जिमखाना पुन्हा उभा करायचाय: क्रीडा संचालक निवडताना काय पाहावं?

नमस्कार. तुमचा प्रश्न बराच लांब आहे, म्हणून इतरांच्या सोयीसाठी आधी त्याचा गाभा सांगतो. तालुक्याच्या ठिकाणचं अनुदानित कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालय. कबड्डी आणि मैदानी खेळांत एकेकाळी विद्यापीठात नाव होतं. आता विभागीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळावा लागतो, मुलींचा तर संघच जात नाही. जुने क्रीडा संचालक निवृत्त झाले आणि पद भरायला ना हरकत मिळाली. तुम्ही संस्थेच्या कार्यकारिणीवर आहात आणि तुमच्यासमोर तीन नावं आहेत: एक ‘राष्ट्रीय’ कबड्डीपटू, एक पीएचडी झालेला आणि भरपूर शोधनिबंध असलेला उमेदवार, आणि तुमच्याच कॉलेजात काही वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, राबलेला तिसरा. तिघांपैकी कोणाला घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी आयुष्यभर क्रीडा संचालकाचीच नोकरी केली आणि निवृत्तीनंतर विषयतज्ज्ञ म्हणून अधूनमधून निवड समित्यांवर बसतो. तिघांबद्दलचं माझं मत शेवटी देतोच. पण नावावर चर्चा सुरू करण्याआधी एक काम राहिलंय.

जिमखाना, म्हणजे कॉलेजचा क्रीडा विभाग, का बसला, याबद्दल तुमच्या प्रश्नात एकच वाक्य आहे: ‘जुन्या सरांनी शेवटी शेवटी लक्ष काढून घेतलं.’ असेलही तसं. पण निवृत्त माणसावर खापर फोडणं सोयीचं असतं, तो मीटिंगला हजर नसतो. मी पाहिलेल्या कॉलेजांत कारणं बहुधा दुसरीकडेच सापडली. कुठे संस्थेने मैदानाच्या अर्ध्या भागावर इंग्रजी माध्यमाची शाळा किंवा फार्मसीची इमारत उभी केली होती. कुठे जिमखाना फी जमा व्हायची, पण खर्चाला मंजुरी मिळेपर्यंत डिसेंबर उजाडायचा आणि तोवर हंगाम संपलेला असायचा. कुठे ज्युनियर कॉलेजचे शारीरिक शिक्षण शिक्षक आणि सिनियरचे संचालक यांचं मैदानाच्या वेळेवरून बोलणं बंद होतं. एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धेत जिल्ह्यापर्यंत गेलेली मुलं त्यामुळे बारावीनंतर त्याच आवारातल्या सिनियरकडे न येता शेजारच्या तालुक्यात प्रवेश घ्यायची. आणि बऱ्याच ठिकाणी संचालकाला शिस्त समिती, परीक्षेची बैठक व्यवस्था, नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची) एक फाइल, पंधरा ऑगस्टचं संचलन आणि मिरवणुकीचा बंदोबस्त एवढी कामं लावलेली असायची की संध्याकाळी मैदानावर यायला तो मोकळाच नसायचा.

यातलं तुमचं कारण कोणतं हे शोधायला दोन संध्याकाळी पुरतात. प्राचार्यांना सांगून तीन गोष्टी टेबलावर मागवा: गेल्या सात-आठ वर्षांच्या स्पर्धा प्रवेशिकांची फाइल, डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ साहित्याची नोंदवही) आणि जिमखाना खात्याचा जमाखर्च.

प्रवेशिका वाचताना निकालाकडे बघू नका, नावांकडे बघा. कबड्डीच्या यादीतली मुलंच खो-खोच्या आणि व्हॉलीबॉलच्या यादीत दिसू लागली की समजा, कॉलेजात खेळणारी मुलंच दहा-पंधरा उरली आहेत आणि त्यांनाच सगळीकडे फिरवलं जातंय. एका वर्षात अचानक पाच-सहा नवी नावं येतात, सगळी एमए भाग एकची, आणि पुढच्या वर्षी एकही दिसत नाही? ती बाहेरून आणलेली मुलं. फक्त स्पर्धेपुरता प्रवेश, वर्गात एक दिवस नाही. पदक मिळतं, जिमखाना मात्र होता तिथेच राहतो. डेड स्टॉकमध्ये बघा की शेवटची खरेदी कधी आणि कशाची झाली. आर्थिक वर्ष संपताना मार्चमध्ये एकदम घेतलेल्या कॅरम बोर्डांची नोंद असेल, तर खरेदी कोण ठरवतं ते कळतं. जमाखर्चात प्रवासभत्ता आणि खुराक यांवर किती खर्च झाला ते बघा आणि त्याच्या शेजारी स्नेहसंमेलनाचा आकडा ठेवा. फार बोलावं लागत नाही.

हे आधी करायचं कारण असं, की दुखणं वेगळं असेल तर लागणारा माणूसही वेगळा असतो. मुलं आहेत पण प्रशिक्षण नाही, असं असेल तर प्रशिक्षक वृत्तीचा माणूस हवा. मुलंच येत नसतील तर गावोगाव फिरणारा, शाळांच्या शिक्षकांशी नातं ठेवणारा हवा. सगळं असून पैसा अडत असेल, तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून अंदाजपत्रक पटवून देणारा हवा. मैदानच उरलं नसेल, तर कोणीही आणा, फरक पडणार नाही. तो निर्णय तुमच्या कार्यकारिणीचा आहे.

आता नियमांबद्दल थोडं, कारण त्यांच्या बाहेर तुम्हाला जाता येणार नाही. अनुदानित पद म्हणजे बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं ते ठरवणारा तक्ता), जाहिरात, विद्यापीठाने दिलेली निवड समिती आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता. संस्थेच्या मनात कोण आहे याला त्या खोलीत मर्यादित किंमत असते आणि ते बरंच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, नेट किंवा सेट (अध्यापक पदासाठीच्या पात्रता परीक्षा) अथवा पीएचडी, स्वतः खेळल्याचा पुरावा आणि शारीरिक क्षमता चाचणी, एवढं लागतं. चाचणी म्हणजे पुरुषांसाठी १२ मिनिटं धावणं किंवा चालणं: ३० वर्षांपर्यंत १८०० मीटर, ४० वर्षांपर्यंत १५०० मीटर. महिलांसाठी ८ मिनिटं, त्याच वयोगटांना १००० आणि ८०० मीटर. तुमच्या तिसऱ्या उमेदवाराकडे नेट-सेट किंवा पीएचडी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर त्याच्याबद्दलची सगळी चर्चा इथेच थांबते. पद विनाअनुदानित असतं तर मोकळीक जास्त मिळाली असती, पण तशा जागेवरचा चांगला माणूस दोन वर्षांत पगारासाठी निघून जातो, हेही तितकंच खरं.

कागदपत्रं तपासताना ‘राष्ट्रीय खेळाडू’ या शब्दांवर थांबा. शालेय राष्ट्रीय, अधिकृत महासंघाची राष्ट्रीय, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ आणि कुठल्यातरी खासगी मंडळाने भरवलेली ‘ऑल इंडिया ओपन’, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चौथीचं प्रमाणपत्र पैसे भरूनही मिळतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्या वाटेने बोगस प्रमाणपत्रांचा कसा बाजार झाला, हे महाराष्ट्रात सगळ्यांनी वाचलंय. प्रमाणपत्रावर संघटनेचं नाव काय, तिला मान्यता होती का, त्या वर्षी ती स्पर्धा खरंच झाली का, हे विचारायला लाजू नका. खरा खेळाडू अशा चौकशीने दुखावत नाही, उलट सविस्तर सांगत सुटतो.

बरं, तो खरंच राष्ट्रीय खेळलेला आहे असं धरू. तेवढ्याने तो चांगला संचालक होईल का? होईलच असं नाही, आणि होणारच नाही असंही नाही. मोठ्या खेळाडूच्या नावाने मुलं येतात, हा फायदा मोठा आहे. पण बरेच मोठे खेळाडू आपल्या खेळापलीकडे बघत नाहीत. कबड्डीचा माणूस आला की बुद्धिबळाच्या मुलीला प्रवेशिकेवर सही मिळायलाही चार खेपा घालाव्या लागतात. शिवाय ज्याला सगळं सहज जमत गेलं, त्याला पाचव्या प्रयत्नातही न जमणाऱ्या पोराचं काय करायचं हे अनेकदा कळत नाही.

इथे खाशाबा जाधवांची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले तर साडेपाच फुटांचा हा किरकोळ मुलगा बघून क्रीडा शिक्षकांनी त्यांना परत पाठवलं. मग ते प्राचार्यांकडे गेले आणि प्राचार्यांनी खेळू दिलं, असं सांगतात. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कॉलेजच्या खेळात कोणाचं काय काम असतं, ते या एका प्रकरणात पुरतं दिसतं. दारात आलेल्या मुलाला परत न पाठवणं हे संचालकाचं काम. आणि पैशाची तजवीज करणं प्राचार्य आणि संस्थेचं. घर गहाण ठेवायची अपेक्षा आज कोणी करत नाही. पण प्रवासभत्त्याचा आगाऊ धनादेश वेळेवर निघावा, एवढी तर करता येते.

दुसरा उमेदवार, पीएचडीवाला. अशा उमेदवारांना नाक मुरडायची आपल्याकडे फॅशन आहे, मला ती मान्य नाही. चांगलं संशोधन केलेला माणूस नोंदी ठेवतो, मोजमाप करतो, मुलाच्या प्रगतीचा आलेख काढतो. आता नवीन शैक्षणिक धोरणामुळे खेळ, योग आणि आरोग्य हे विषय श्रेयांकाचे (क्रेडिटचे) झाले आहेत. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या मुलांना सहशालेय अभ्यासक्रमात ते घेता येतात. म्हणजे संचालकाला तास, मूल्यमापन आणि गुणपत्रकं हेही बघावं लागणार. त्यात हा माणूस तरबेज असू शकतो. फक्त शोधनिबंध कशावर आहेत ते वाचा. ‘खेळाडू आणि बिगरखेळाडू यांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास’ या छापाचे निबंध ढिगाने निघतात, ते पदोन्नतीसाठी असतात. त्याऐवजी आपल्या कॉलेजच्या धावपटूंचा सराव आणि वेळा यांच्या तीन वर्षांच्या नोंदी कोणी दाखवल्या, तर मी खुर्ची पुढे ओढून बसतो.

तिसरा म्हणजे तुमचा घरचा माणूस. तासिका तत्त्वावर, म्हणजे महिन्याच्या शेवटी हातात किती येणार याची खात्री नसताना, वर्षानुवर्षं मैदानावर फक्की मारणारा, म्हणजे पांढऱ्या भुकटीने रेषा आखणारा. त्याच्याबद्दल सहानुभूती वाटणं स्वाभाविक आहे. पण सहानुभूती हा निवडीचा निकष करू नका, त्याचाही अपमान होतो. त्याच्याबाबतीत विचारायचा प्रश्न हा: बसलेल्या जिमखान्यात तो इतकी वर्षं होता, तर त्या काळात त्याच्या हातात जे होतं ते त्याने कसं चालवलं? समजा त्याच्याकडे फक्त क्रॉसकंट्री आणि ज्युनियरची खो-खो होती. तिथे मुलं वाढली का? वाढली असतील, तर मोठी जबाबदारी पेलायची शक्यता बरीच आहे. तिथेही सगळं थंडच असेल, तर कायम होऊन ते गरम होणार नाही.

मुलाखतीबद्दल सांगतो. ‘तुमचं ध्येय काय’, ‘खेळाचं महत्त्व सांगा’ असले प्रश्न विचारले की भाषणं ऐकायला मिळतात. त्याऐवजी तीन कामं द्या. मुलाखतीच्या चौकटीत ती बसवता येतात, फक्त प्राचार्यांनी समितीशी आधी बोलून घ्यावं आणि सगळ्या उमेदवारांना तीच कामं, तेवढाच वेळ द्यावा.

पहिलं काम: मुलाखतीआधी अर्धा तास मैदान दाखवा आणि मग विचारा, काय दिसलं? एका कॉलेजात अशीच फेरी मारून आल्यावर एका उमेदवार बाईंनी समितीलाच उलट विचारलं, ‘मैदानाच्या फाटकाची चावी सकाळी साडेपाचला कोणाकडे असते?’ कोणालाच माहीत नव्हतं. शिपायाला बोलावलं, तर तो म्हणाला, फाटक आठला उघडतं. सकाळी धावायला येणारी मुलं भिंतीवरून उड्या मारून आत जायची, आणि मुली उड्या मारून जात नाहीत, म्हणून मुलींचा संघ नव्हता. समितीच्या अध्यक्षांना तो प्रश्न उद्धटपणाचा वाटला. मला वाटतं, त्या दिवशीचं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच होतं.

दुसरं काम: मी वर सांगितलेल्या प्रवेशिकांच्या फाइलमधली तीन वर्षांची पानं, मुलांची नावं झाकून, हातात द्या. ‘यातून काय समजतं?’ एवढंच विचारा. जो लगेच जुन्या संचालकांना नावं ठेवायला लागतो त्याच्यापासून सावध. जो विचारतो की या वर्षी सत्र परीक्षा आणि विभागीय स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या होत्या का, तो हे काम ओळखतो.

तिसरं काम: जिमखान्याचा खरा वार्षिक निधी सांगा, फुगवून नको, आणि म्हणा, एवढ्यात वर्षभराचं नियोजन पंधरा मिनिटांत कागदावर मांडा. इथे माणूस उघडा पडतो. कोणी सव्वीस खेळांची यादी करतो आणि प्रत्येकाला चार-चार हजार वाटून मोकळा होतो. असा माणूस सगळीकडे संघ पाठवील आणि कुठेही जिंकणार नाही. तुमच्यासारख्या कॉलेजला पहिली तीन वर्षं तीन किंवा चार खेळांवर जोर द्यावा लागेल आणि बाकीच्यांना सांगावं लागेल की खेळा, मैदान आहे, प्रवेशिका भरू, पण शिबिर आणि खुराक आत्ता नाही. हे ‘नाही’ ज्याला कागदावर लिहिता येतं, तो मला आवडतो.

कोणते तीन-चार खेळ, हे गावावर अवलंबून. सांगलीकडे वेटलिफ्टिंगची परंपरा आहे, तिथलाच संकेत सरगर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली, त्या भागात आता धनुष्य मागणाऱ्या मुलांची वाण नसणार. तुमच्याकडे असं काही नसेल तर खो-खो आणि मैदानी खेळ यांना खर्च सर्वात कमी. खो-खोला दोन खांब आणि २७ बाय १६ मीटरची सपाट जागा लागते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी बाजी मारली आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच. शिवाय खो-खोतून पुढे वेगळी वाटही फुटते. माण तालुक्यातली ललिता बाबर आधी खो-खोच खेळायची, ती २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली.

आणि एक गोष्ट, जी शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. तुमच्या मैदानावर किंवा जवळच्या डांबरी रस्त्यावर पहाटे भरतीची पोरं धावत असणार. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. म्हणजे मैदानी खेळांचा अर्धा संघ आपला आपण सराव करतोय, फक्त त्याला कोणी संघ म्हणत नाही. त्यातली निम्मी पोरं तुमच्याच कॉलेजच्या हजेरीपटावर असतील. चांगला संचालक पहिल्या महिन्यात त्या पोरांशी ओळख काढतो, त्यांना स्टॉपवॉच लावून वेळा घेऊन देतो, गोळा कसा टाकायचा ते शिकवतो आणि त्या बदल्यात ऑक्टोबरात विद्यापीठाच्या स्पर्धेला उतरा म्हणतो. दोघांचंही भलं होतं. उमेदवाराला विचारा, भरतीच्या पोरांचं काय कराल? ‘ती आपली नाहीत’ असं उत्तर आलं तर पुढचं नाव पुकारा.

मुलींच्या संघाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तुमच्याकडे तो शून्यावर आहे. मैदानाजवळ पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला खोली नसेल, सराव संपल्यावर शेवटची एसटी चुकत असेल, स्पर्धेला सोबत बाईमाणूस जात नसेल, तर कोणताही संचालक पालकांकडून ‘हो’ मिळवू शकत नाही. पण या गोष्टींची यादी करून तुमच्यासमोर आणणारा संचालक मात्र हवा. आणि इथे एक कडक गोष्ट. या पदावरच्या माणसाच्या हातात संघनिवड असते, परगावचा प्रवास असतो, मुक्काम असतो. त्यामुळे आधीच्या नोकरीच्या ठिकाणी त्याच्याबद्दल अंतर्गत तक्रार समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे) काही गेलं होतं का, तोंडी काही मिटवलं गेलं का, याची चौकशी करणं हे तुमचं कर्तव्य आहे. फोनवर प्राचार्य गोडच बोलतात. तिथल्या एका महिला प्राध्यापकाशी आणि संघातल्या माजी खेळाडू मुलींशी बोला. निवड कितीही चांगली वाटत असली तरी हे झाल्याशिवाय सही करू नका.

चौकशीचाच दुसरा भाग सोपा आहे. उमेदवार सध्या जिथे काम करतो तिथे न सांगता सकाळी साडेसहाला किंवा संध्याकाळी साडेपाचला जाऊन उभे राहा. तो मैदानावर आहे का, मुलं किती, आणि त्याने हाक मारल्याशिवाय ती सराव करतात का? प्रशस्तिपत्रकांच्या जाडजूड फाइलपेक्षा हा अर्धा तास जास्त सांगतो. तिसऱ्या उमेदवारासाठी तर तुम्हाला गावाबाहेरही जायला नको.

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर कसे कार्यक्रम उभे करतात याचे व्हिडिओ तुम्ही पाहिल्याचं लिहिलंय. पाहा जरूर, पण तिथला तो माणूस प्रशिक्षक नेमतो आणि काढतो, देणगीदार सांभाळतो, तिकीट आणि प्रसारणाच्या पैशाचा हिशेब बघतो. आपला संचालक स्वतः फक्की मारतो, स्वतः पंच होतो, स्वतः जखमेला बर्फ लावतो आणि रात्री प्रवेशिका ऑनलाइन भरतो. तिकडची जाहिरात इकडे उतरवलीत तर ‘नेतृत्वगुण’ असलेला माणूस मिळेल आणि मैदानाच्या रेषा पुसलेल्याच राहतील. उचलायचीच तर एक गोष्ट उचला: तिथे नेमणुकीच्या वेळीच संस्था काय देणार हे लिहून ठरतं.

तेवढं तुम्हीही करा. नेमणुकीआधी कार्यकारिणीने ठराव करावा, चार ओळींचा: जिमखाना फी जिमखान्यावरच खर्च होईल. हंगामाच्या सुरुवातीलाच ठरावीक रक्कम आगाऊ मिळेल. मैदानाच्या वेळा ज्युनियर आणि सिनियर यांच्यात लेखी वाटून दिल्या जातील. आणि ऑगस्ट ते जानेवारी संचालकाला परीक्षा, बंदोबस्त आणि मिरवणुकीतून सूट. हा ठराव मुलाखतीत उमेदवारांना वाचून दाखवा. जे खरंच चांगले आहेत ते त्यावर प्रश्न विचारतील. ठराव होत नसेल, तर माणूस कितीही चांगला आणा, तीन वर्षांत तोही ‘लक्ष काढून घेतलेला’ होईल.

पहिल्या वर्षी पदक मागू नका. मागितलंत तर तो बाहेरून मुलं आणेल, आणि दोष त्याचा नसेल. पहिल्या वर्षी तीन आकडे मागा: मैदानावर नियमित येणारी मुलं-मुली किती, किती खेळांत संघ पूर्ण खेळाडूंसह गेला, आणि प्रथम वर्षाची मुलं त्यात किती. दुसऱ्या वर्षी विभागीय स्पर्धेतून पुढे आंतरविभागीयपर्यंत कोण गेलं ते विचारा. विद्यापीठाच्या संघात तुमची दोन-तीन मुलं जाणं, तिथून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ किंवा खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, हा तिसऱ्या वर्षानंतरचा हिशेब. परिविक्षा काळाचा (प्रोबेशनचा) आढावा याच आकड्यांवर घ्या आणि ते आकडे आधीच लेखी द्या.

आता तुमचे तिघे. दुरून सांगतोय, कोणाला भेटलेलो नाही, तेव्हा तेवढ्याच वजनाने घ्या. तुमच्या वर्णनावरून कॉलेजचं दुखणं ‘मुलंच येत नाहीत’ हे दिसतं: मुलींचा संघ नाही, काही खेळांत प्रवेशिकाच नाही. या दुखण्याला मी कबड्डीपटूला पहिली पसंती देणार नाही, कारण तो सात मुलांचा उत्तम संघ बांधेल आणि बाकी मैदान रिकामं राहील. पात्रता पूर्ण असेल आणि त्याच्या हातातले खेळ वाढलेले असतील, तर तासिका तत्त्वावरचा माणूस माझी पहिली निवड. त्याला शाळा माहीत आहेत, पालक माहीत आहेत, फाटकाची चावी कोणाकडे असते तेही माहीत आहे. त्याचा कच्चा दुवा एकच असेल: इतकी वर्षं हातावर पोट असल्याने प्राचार्यांसमोर आवाज चढवायची त्याला सवय नसणार. म्हणून ठराव आधी, नेमणूक नंतर. तो पात्र नसेल किंवा त्याचे खेळही थंड असतील, तर पीएचडीवाल्याच्या मैदानावर सकाळी जाऊन या. तिथे मुलं दिसली तर त्याला घ्या आणि कबड्डीपटूला, तो तयार असेल तर, मानधनावर कबड्डीचा प्रशिक्षक म्हणून संध्याकाळी बोलवा. स्थानिक पुढाऱ्यांकडून चौथं नाव येईल. ते आलं की त्यालाही तीच तीन कामं द्या, तेवढाच वेळ.

वेळेचं मात्र बघा. प्रवेश जून-जुलैत होतात आणि विभागीय स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. माणूस मे अखेरीस रुजू झाला तर प्रवेशाच्या आधी गावातल्या आणि आसपासच्या शाळांत जाऊन बारावीच्या खेळाडूंना भेटू शकेल. मुलाखती लांबून तो सप्टेंबरात आला तर पहिलं वर्ष गेलं असं धरा आणि वर सांगितलेले आकडे एक वर्ष पुढे ढकला. जाहिरात आणि निवड समिती यांचा विद्यापीठाशी पत्रव्यवहार अजून सुरू केला नसेल तर या आठवड्यातच करा.